मांगुरासाठी काळीज

२१ मार्च, शनिवार

सकाळी शेततळ्यावर. पेंड टाकली. पूर्वी मूठभर टाकली तरी पाणी उकळल्यासारखं व्हायचं, इतके मासे वर यायचे. आज दहा-बारा तोंडं आली, गेली. गणपतीत बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली ती काय हवेत विरली? इतके महिने मी बगळ्यांना शिव्या घातल्या. काठाला चमकी बांधली, खंड्यामागे काठी घेऊन पळाले. बिचारा खंड्या.

दुपारी हे सुप्याहून ड्यूटी करून आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "पोपट हाटेलात सांगत हुता. दिवाळीत त्यानंच मांगूर सोडला म्हनं आपल्या तळ्यात. हाताएवढा." आणि वर हसले. "गंमत केली त्यानं."

गंमत! यांच्या हातातला कप घेतला आणि चहा मोरीत ओतला.

पोपट म्हणजे आमचा चुलत दीर. गेल्या उन्हाळ्यात कांद्यासाठी माझ्या तळ्यात पाइप टाकू दिला नाही म्हणून तोंड फिरवून गेला होता. तळ्यात मासे मी सोडले. ट्रेनिंगला मी गेले, सगळ्यांचं हसणं मी ऐकलं. या घरात माझं म्हणावं असं ते एकच. आणि ह्यानं त्यात माझेच मासे गिळणारा राक्षस सोडला. आजपासून ह्या वहीत त्याचं नाव पुरतं लिहायचं नाही. पो. पुष्कळ झालं.

२२ मार्च, रविवार

पाहिला. ऊन कलताना श्वास घ्यायला वर आला. काळा, चपट्या डोक्याचा, मिशा चांगल्या वीतभर. एकदाच ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि खाली. माझे रोहू खाऊन दिलेली ढेकर.

तळं उपसता येत नाही. डाळिंबाला पाऊस पडेपर्यंत तेच पाणी. जाळं ओढावं तर तळ्याचा प्लास्टिकचा कागद घासून फाटतो. उरला गळ. भिंगारला दादाला फोन केला. दादा मिलिटरीच्या स्टोअरला आहे, सुट्टीला मुळा धरणावर गळ टाकून बसतो. म्हणाला, "येतो. पन शोभे, मासा धरायच्या आधी त्याला काय आवडतं ते धरावं लागतं."

काय आवडतं ते मला माहीत आहे. माझी बोटुकली आवडते.

२४ मार्च, मंगळवार

दादा रजा टाकून आला. पहिलं आमिष गांडूळ. ठिबकच्या फिल्टरपाशी ओल असते, तिथं खुरप्यानं डबाभर काढली. टाकलं की लागलं! ओढून काढला तर माझाच रोहू. ओठ फाटलेला. त्याला परत सोडताना रडू आलं आणि पो.ला दोन शिव्या दिल्या, दादासमोर. दादा ऐकून न ऐकल्यासारखा.

मग कणकेचा गोळा. त्याला कटला लागला. पुन्हा माझाच. म्हणजे गांडूळ नको, कणीक नको. माझ्या माशांनी तोंड लावू नये आणि त्यानं सोडू नये, असं काहीतरी पाहिजे.

गळही तळाला टेकवायचा नाही. कागदात रुतला आणि ओढला की टर्रकन जाईल, मग मासाही गेला आणि डाळिंबही. दादानं थर्माकोलचा तुकडा बांधून दिला, आमिष त्याखाली हातभर लोंबतं.

२७ मार्च, शुक्रवार

दादा गेला, गळ ठेवून गेला. मी एकटी.

बेडूक आणला. फिल्टरच्या खड्ड्यात चार मिळाले, ओल्या कापडानं झाकून धरले. पूर्वी मी बेडकाला हात लावला नसता. गळाला लावला, तो पाय मारत राहिला, मांगूर खालून येऊन बघून गेला. पोट भरलेलं असणार, घेतला नाही. नंतर नाकतोडा. तो पाण्यावर पडताच चिलापी माशानं पळवला.

संध्याकाळी वर बांधावर बसून खालचं तळं बघत होते. पो.चं. माझं बघून त्यानंही गेल्या वर्षी खोदलं आणि त्यातही मासे आहेत. पाण्यावर इतक्या गोल गोल लाटा उठत होत्या की डोळ्यांना बघवेना.

तेव्हाच ठरलं. हा मारायचा नाही. जिवंत धरायचा. ज्यानं धाडला त्याच्याकडे परत धाडायचा.

२८ मार्च, शनिवार

कानशीनं गळाची उलटी दाढ घासून काढली, म्हणजे तोंड फार फाटणार नाही. ह्यांनी पाहिलं.

"दाढ कशापायी घासली? सुटंल की त्यो."

"सुटू द्या."

पुढे विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ह्यांना कधी कधी शहाणपण सुचतं.

सुप्याच्या कोंबडीवाल्याकडून आतडी आणायला सांगितली होती, हे काळीजच घेऊन आले. "आतडी घान वास मारत्यात." अहो, वासच तर पाहिजे! पण दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला काळीज उत्तम, फक्त मऊ असतं, गळावरून गळून पडतं.

३० मार्च, सोमवार

काल काळीज दोनदा पाण्यात विरघळून गेलं. आज स्वयंपाकघरातलं डोकं चालवलं. बोंबील-सुकटीला मीठ लावून वाळवतात, मग ह्याला का नको? मीठ-हळद चोळून पत्र्यावर दुपारभर उन्हात ठेवलं. माश्या हाकत बसले. चामड्यासारखं झालं. मग गोधडीच्या दोऱ्यानं गळाला चार वेढे देऊन घट्ट बांधलं. रोहूनं ढुंकूनही पाहिलं नाही.

ऊन उतरताना थर्माकोल सरळ खाली गेला. हिसका नाही, काही नाही, नुसता गेला. ओढ इतकी की माझे पाय चिखलात घसरले. काठाकडे आणलं तर कागदावर आपटेल, म्हणून त्याला मध्येच दमवला. "अहो! अहो!" ओरडले तसे हे घमेलं घेऊन पळत आले. आत घेताना त्याच्या कल्ल्यामागचा काटा माझ्या तळहातात घुसला. भळाभळा रक्त. मला दुखलंच नाही.

ड्रममध्ये टाकला. वर पाट, पाटावर दगड, कारण हा चढतो. ह्यांना म्हटलं, उद्या शेवग्याखाली पुरते. गावातही तेच सांगा.

१ एप्रिल, बुधवार

झालं.

पो. कांदा घेऊन नगरला. मंगल, त्याची बायको, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेलेली. मलाही बोलावणं होतं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मांगूर ओल्या गोणपाटात गुंडाळला, डोक्यावर घेतला. वर शेण्या ठेवल्या. वाटेत कुणी विचारलं असतं तर शेण्या. तो डोक्यावर हळूच हलत होता, जिवंत, तगडा.

खालच्या तळ्याच्या काठावर गोणपाट उलटं केलं. क्षणभर उथळात थांबला, मग शेपटी मारून आत गेला. "जा," म्हटलं, "तुझ्या मालकाच्या घरी जा."

घरी येऊन आंघोळ केली आणि वरण-भात जेवले, अगदी पोटभर. कित्येक दिवसांनी जेवणाला चव लागली. आनंद झाला, खोटं का लिहू. खूप आनंद झाला.

५ एप्रिल, रविवार

खालच्या तळ्यावर सकाळी पो. दिसला. दात घासत उभा होता, पाण्याकडे पाठ करून. त्याला काय माहीत. मी वरून बघत राहिले, मला हसू आवरेना.

माझ्या तळ्यात पेंडीला आज जास्त मासे वर आले. उरलेत काही.

११ एप्रिल, शनिवार

दुपारी दारात मंगल. भांडणापासून बांध ओलांडून पहिल्यांदा आली. डोळे सुजलेले.

"ताई, माझं मासं संपत चाललं. मिशीवाला घुसलाय तळ्यात. तुमी तुमचा कसा धरला ते मला शिकवा."

तुझं? मी म्हटलं, तळं तर भाऊजींचं ना?

"खोदलं त्यांनी. मासं माझं. त्यांनी एक दिस तरी पेंड टाकली असंल तर शप्पत. तुमचं बघून बघून शिकले मी. तुमी सकाळी मूठ टाकायच्या, तवा मीबी खाली टाकायची." नंतर पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यांनी तुमच्याकडं मांगूर सोडला, तवा चार दिस मी त्यांच्याशी बोलले न्हाई. तुमाला सांगायचं तोंड न्हवतं."

चहा केला. साखर टाकायची विसरले, तिनं तसाच प्यायला.

पो. म्हणतो मांगूर रस्त्यानं चालत येतो. गावही तेच म्हणतंय. म्हणू देत.

मला वाटलं होतं खाली फक्त पो. राहतो.

१२ एप्रिल, रविवार

ती आणि मी खालच्या तळ्याच्या काठावर. उन्हाचं नुसतं बसणंही नकोसं. मी सगळं नीट शिकवलं: थर्माकोल कुठं बांधायचा, काठाला का आणायचा नाही. तिचे हात माझ्यापेक्षा चपळ. मनात म्हटलं, धरून देऊ आणि संपवू. मला फेडायचं होतं, पण कुणाला न कळता.

तिनं फडक्यातून काळीज काढलं. मीठ-हळद लावलेलं, उन्हात वाळवलेलं. ह्यांनीच तिला सांगितलं असणार, बाजारात भेटल्यावर. ह्यांना कुठं गप्प बसवतं.

मी सवयीनं म्हटलं, "काळीज नको मंगल. त्यावर तो एकदा फसलाय, आता तोंड लावायचा नाही."

बोलून गेले आणि ऐकलं काय बोलले ते.

मंगलचा हात दोऱ्यावर थांबला. माझा मांगूर तर शेवग्याखाली पुरलेला. सगळ्या गावाला ठाऊक. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या तळहाताकडे पाहिलं. जखम अजून काळी आहे.

"हा," एवढंच म्हणाली. आणि काळीज परत फडक्यात बांधलं.

मी उठून आले. काय कारण सांगितलं आठवत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

दिवसभर कान दाराकडे. पो. येईल, आरडाओरडा होईल. आला असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडायला माझ्याकडे पुष्कळ आहे. पोटभर भांडले असते. मंगलशी भांडायला काही नाही.

ह्यांना सांगितलं सगळं. मग म्हणाले, "त्यो मला सकाळी राम राम घालून गेला की."

म्हणजे तिनं त्याला सांगितलेलं नाही. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना.

पो.वरचा राग गेला का, असं स्वतःला विचारलं. नाही गेला. ह्या जन्मात जायचा नाही. पण तो आता सरळ त्याच्याकडे जात नाही, वाटेत मंगल उभी असते.

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी खालून हाक. "ताई, बेडूक धरल्यात. या."

गेले. न जाऊन काय करणार. काठावर ती वाट बघत बसलेली, डब्यात ओल्या कापडाखाली बेडूक, जपून धरलेले, एकाचाही पाय मोडलेला नाही. शेजारी रिकामा ड्रम आणि त्यावर ठेवायला पाट. गोणपाट ओलं करून दगडावर पसरलेलं.

मी म्हटलं, "मंगल, मी तुला सांगणार होते."

"गळ लावा आधी. ऊन चढतंय."

"त्याला धरल्यावर लगेच डोक्यात दगड घालायचा. तडफडू द्यायचा नाही."

"मारायचा न्हाई, ताई. जित्ता पायजे मला."

आवाजात राग नाही, काही नाही. पाण्याकडे बघत होती. तिच्या तळ्यापलीकडे चढावर माझं तळं दिसतं. सकाळची पेंड टाकायच्या वेळी तिथं आता बरीच तोंडं वर येतात.

जिवंत कशाला हवा, ते मी विचारलं नाही. विचारायला मला तोंडच नाही.

तिनं डबा पुढे केला. मी त्यातला चांगला तगडा बेडूक निवडला आणि गळाला लावला.