हबला पाचवालं चालत नाही

चिमणे,

ही चिठ्ठी दाराखालून बाहेर सरकवतोय, कारण मी आत अडकलोय. फोन केला असता तर तू काम टाकून धावत आली असतीस, आणि मग जावईबापूंचं तोंड बघवलं नसतं.

नवं वायफाय लागलं, म्हणून म्हटलं, तू येईपर्यंत तुझा तो हब, दाराचं कुलूप चालवणारा डबा, त्याला जोडून ठेवावा. नव्या वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी २.४, दुसऱ्याच्या शेवटी ५. हबला २.४वालंच चालतं, आणि मी तासभर ५वालं देत बसलो. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, पण चष्मा नंतर सापडला. आता हब लाल डोळा वटारून बसलाय, आणि त्याच्याशिवाय दाराचं कुलूप हलत नाही.

चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरिंग केलं, पण एकाही घरात माणूस कोंडून ठेवला नाही.

खरं सांगतो. जोडता जोडता कुलपाला तुझ्या फोनऐवजी माझा फोन जोडायचा होता. मागच्या महिन्यात एकदा रस्ता चुकलो, तेव्हापासून तू तुझ्या फोनवरून हो म्हटल्याशिवाय हे दार उघडत नाही.

तुझ्याकडच्या किल्लीने बाहेरून उघड. ओरडायचं ते नंतर ओरड. आधी दारातून जरा बाजूला हो, मी कोपऱ्यापर्यंत एकटा जाऊन येतो.

बाबा