मंगळवारची हजेरी

आप्पा, दिघीकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून आपल्या गावामागची जुनी चिऱ्याची खाण बुजवायला घेतली आहे. परवा तिच्यातलं पाणी उपसल्यावर तळाच्या गाळात एका लहान मुलीची हाडं सापडली, आणि जवळच स्टीलचा एक डबा. डबा तिचाच, हे तिच्या धाकट्या भावाने झाकणावर कोरलेलं नाव वाचून ठाण्यात सांगितलं. मला ते ठाण्याच्या साहेबांनी काल सकाळी फोन करून कळवलं. हाडांचा अहवाल यायला काही आठवडे लागतील, पण त्यात आता वेगळं काही निघेल असं साहेबांना वाटत नाही. चौतीस वर्षांनी तुमच्या शाळेतली ती मुलगी सापडली, तीही शाळेची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर.

तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, म्हणून मधलं थोडं सांगते. पनवेलच्या वर्तमानपत्रात मी बावीस वर्षं काढली. संध्याकाळी सातला पान छपाईला सुटायचं, त्याआधी हाती असेल ते नीट लावून द्यायचं, हे अंगात मुरलं. तिथे असतानाच, आठ वर्षांपूर्वी, एक रहस्यकादंबरी लिहिली. खाडीकाठच्या लहान गावातून दुसरीतली मुलगी नाहीशी होते आणि वीस वर्षांनी एक बातमीदार बाई तिचा छडा लावते. चार महिन्यांत लिहून दिली, ठरलेल्या मुदतीच्या दोन दिवस आधी. खूप खपली. गावाचं नाव दिलं नव्हतं, पण जेटी, नारळाची आगरं, शाळेच्या फाटकासमोरचं उंडीचं झाड, सगळं जसंच्या तसं होतं. शेवटच्या प्रकरणात मुलीला नेणारा सापडतो. तो शाळेच्या फाटकाशी सायकल लावून पाव-बटर विकणारा माणूस असतो. खऱ्या पाववाल्याच्या सायकलवर निळी पत्र्याची पेटी होती. मी ती हिरवी केली. तो ओळखू येऊ नये म्हणून मी एवढेच कष्ट घेतले.

त्या पुस्तकात सगळं आहे, फक्त हजेरीपट नाही.

आपल्या घरातली हजेरीपटाची रीत आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. शाळा दोन शिक्षकांची, दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, चारही वर्ग तुमच्या एकट्यावर. रोज नावं पुकारायला तुम्हाला सवड नसायची. तीन-चार दिवसांनी तुम्ही पट घरी आणायचात. माझं अक्षर हुबेहूब तुमच्या वळणाचं, म्हणून तो माझ्यापुढे ठेवायचात आणि चुलीपाशी बसून कोण कोण आलं नव्हतं ते आठवून सांगायचात. बाकी सगळ्या चौकटींत मी ‘ह’ भरायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, सरकारची पोरं घरबसल्या हजर करतायत बापलेक. तुम्ही हसायचात. मी तेव्हा तेरा वर्षांची, गावातल्या हायस्कुलात सातवीला. पट उतरला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

त्या श्रावणात बुधवारी तपासणीचे साहेब यायचे होते. सोमवारी संध्याकाळी तुम्ही पट घरी आणलात आणि रात्रीच्या जेवणाआधी तो भरून झाला. त्यात मंगळवारचा रकानाही भरलेला होता. मंगळवार अजून उजाडायचा होता. मंगळवारी सकाळी तुम्ही तपासणीचे कागद आणायला एसटीने म्हसळ्याला गेलात, शाळा चौथीच्या मॉनिटरवर सोडून, आणि परत आलात ते शाळा सुटल्यावर. दिवेलागणीला त्या मुलीची आई दारोदार विचारत फिरू लागली. थोड्या वेळाने हवालदार आपल्या ओट्यावर येऊन बसले.

मी चहा घेऊन बाहेर येते. हवालदार विचारतात, ‘मास्तर, पोरगी आज शाळेत होती?’ तुम्ही पिशवीतून पट काढता, बोट तिच्या नावावर ठेवून आडवं सरकवता आणि मंगळवारच्या चौकटीवर थांबता. मग मान वर करता. हवालदारांकडे बघत नाही, माझ्याकडे बघता. 

‘हजर होती,’ तुम्ही म्हणता.

‘शाळा सुटेस्तोवर?’

‘सुटेपर्यंत.’

तेवढ्यावर शोधाची दिशा ठरली. खाणीच्या कडेची पायवाट फक्त सकाळी उशीर झालेली पोरं धरायची. संध्याकाळी सगळी घोळक्याने रस्त्यानेच घरी जायची. मुलगी दिवसभर शाळेत होती म्हटल्यावर सकाळचा प्रश्नच उरला नाही. माणसं जेटीवर गेली, पुळणीवर गेली, एसटीच्या थांब्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली. खाण काठोकाठ भरलेली होती, चिऱ्यांवर हिरवं शेवाळ होतं, आणि तिकडे कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा डबा द्यायला शाळेत आले, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला उभं केलं होतं. ती म्हणत होती, गुरुजी, ती न्हवती आली काल. तुम्ही आवाज चढवला नाहीत. पुन्हा आठव म्हणालात. ती रडू लागली. तुम्ही तिला पाणी प्यायला दिलंत आणि पुन्हा आठवायला सांगितलंत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आली होती. मग तुम्ही तिला टेबलाच्या खणातून एक नवी कोरी पेन्सिल काढून दिलीत. मी खिडकीबाहेर डबा धरून उभी होते. इतकं शांतपणे शिकवताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

पाववाल्याला मात्र असं शिकवणारं कोणी भेटलं नाही. तो पलीकडचा, आगरदांड्याचा. पहिल्या लाँचने सायकल घेऊन यायचा आणि शाळा भरताना, सुटताना फाटकाशी उभा राहायचा. त्याने आपणहून हवालदारांना सांगितलं की ती मुलगी रोज त्याला हात करते, मंगळवारी ती सकाळीही दिसली नाही आणि संध्याकाळीही नाही. पटावर मुलगी हजर, आणि हा म्हणतो आली नाही. म्हणजे हा लपवतोय. त्याला नऊ दिवस ठाण्यात ठेवलं. त्याने सांगणं बदललं नाही, हीच त्याची चूक झाली. सुटला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. तो आपल्याला जेटीवर भेटला होता, आठवतं? सायकल भिंतीला टेकवून लाँचची वाट बघत होता. तुम्हाला बघून उठला. तेव्हाही अदबीनेच बोलला.

‘मास्तर, तुमच्या वहीला एकदा परत विचारा ना.’

तुम्ही हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतलीत आणि म्हणालात, ‘लाँच सुटेल तुमची.’

तो पुन्हा कधी खाडीच्या या बाजूला आला नाही. वर्षभर गावाला पाव म्हसळ्याहून एसटीने यायचा, आणि शिळा असायचा म्हणून लोक पाववाल्यालाच शिव्या द्यायचे.

तुम्ही गेलात त्या दिवशी त्या मुलीची आई आली होती. तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडली. माझा हात धरून सगळ्यांना सांगत होती की मास्तरांनी वर्ष सरेपर्यंत माझ्या पोरीचं नाव पटावरून काढलं नाही, एवढी माया सख्ख्यानेही केली नसती. मी तिला चहा दिला. नंतर कादंबरी आली तेव्हा तालुक्याच्या वाचनालयात माझा सत्कार झाला. ती पुढच्या खुर्चीवर बसली होती, मुलाने तिला पुस्तक वाचून दाखवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘तुला ठाव हाय ना कोनी नेली तिला? पुस्तकात लिवलंस. मंग ठान्यात का न्हाय सांगत?’ मी म्हटलं, मावशी, ती गोष्ट आहे, खरं नसतं ते. तिने माझा हात थोपटला. ‘व्हय,’ म्हणाली, ‘सांगायला भीती वाटत असंल.’

त्याच महिन्यात पाववाल्याच्या मुलीचा फोन आला. आवाज अजिबात चढा नव्हता. पुस्तक गावात हातोहात फिरलंय म्हणाली, भाचीचं ठरत आलेलं लग्न मोडलंय. मग म्हणाली, ‘बाई, तुमच्या पुस्तकात त्या माणसाची बायको शेवटी विहिरीत जीव देते ना? माझी आई जिती आहे. ती विचारते, मला कशाला मारली?’ मी तिला सांगितलं की पात्रं काल्पनिक आहेत, तसं चौथ्या पानावर छापलेलं आहे. तिने विचारलं, चौथं पान कोण वाचतं. मी तिला शुभेच्छा दिल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला एक कारण सांगत आले की तुम्ही नोकरीसाठी खोटं बोललात. आपल्या वस्तीतले तुम्ही पहिले सरकारी शिक्षक. तुम्ही चुकला असतात तर ती एका मास्तराची चूक राहिली नसती, साऱ्या वस्तीच्या नावावर लागली असती. शाळा सोडून म्हसळ्याला गेला होतात, तेही उघड झालं असतं. हे कारण खरं आहे आणि मला फार सोयीचं आहे. पण त्या सोमवारी पट माझ्यापुढे ठेवताना तुम्ही म्हणाला होतात, ‘आजपर्यंतचं भर. उद्याचं मी उद्या बघतो.’ मंगळवारचा रकाना मी भरला, कोणी न सांगता. बुधवारी साहेबांपुढे वही पुरी दिसावी आणि तुम्ही खूश व्हावं म्हणून, वरपासून खालपर्यंत, एकही चौकट न सोडता. ओट्यावर तुम्ही मान वर केलीत तेव्हा एवढंच विचारत होतात, हे तू केलंस का. मी चहा खाली ठेवला आणि आत गेले. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. फक्त पुन्हा कधी पट माझ्या हातात दिला नाहीत, आणि त्यानंतर माझ्या अक्षराचं कौतुकही केलं नाहीत.

काल फोनवर साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमचं पुस्तक रात्रीच परत वाचून काढलं. शाळेच्या कपाटात तेव्हाचा हजेरीपट मिळाला. पोरगी हजर आहे. म्हणजे शाळा सुटल्यावर उलट्या बाजूला खाणीकडे तिला कोणीतरी नेलं. तुम्ही लिहिलंय तसंच निघालं.’ शेजारी बसणारी ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. काल टीव्हीवर ती डोळे पुसत सांगत होती की त्या दुपारी आम्ही दोघी एकाच डब्यात जेवलो. ती खोटं बोलत नाही. तिला तसं आठवतं. प्रकाशकांचा निरोप आला की नवी आवृत्ती लाल पट्टी लावून काढू, सत्य ठरलेली कादंबरी म्हणून, शुक्रवारपर्यंत चार पानी मनोगत हवं. मी ‘हो’ कळवलं. मुदत सांगितली की माझ्या हातून ‘हो’ जातं.

आज दुपारी जबाब लिहून काढायला बसले. पहिल्या खर्ड्यात लिहिलं की पटावरचं मंगळवारचं अक्षर माझ्या वडिलांचं आहे. कोणालाही पटलं असतं, आणि मेलेल्या माणसाला निलंबित करता येत नाही. वाचायला तो चांगला झाला होता, एक शब्द बदलावा लागला नसता. तो फाडला. दुसऱ्यात अक्षर माझं आहे आणि ते आदल्या संध्याकाळचं आहे, असं लिहून खाली सही केली आहे. तो कागद पिशवीत आहे.

उद्या सकाळी साडेदहाच्या फेरीबोटीने तो म्हातारा मुलीला घेऊन आगरदांड्याहून येईल. साहेबांनी त्याला अकराला बोलावलंय आणि मला साडेबाराला. दीड तास त्याला तेच प्रश्न विचारतील आणि तो तेच उत्तर देईल, की ती आली नव्हती. माझा जबाब आधी घ्या, एवढं सांगायला एक फोन पुरेल. नंबर माझ्याकडे आहे, आणि मी अजून फोन केलेला नाही. आज दिवसभरात दोनदा माझ्या मनात आलं की तो ऐंशीच्या पुढचा आहे, तब्येत बरी नसते म्हणतात, आणि उद्या तो आलाच नाही, तर मला पिशवी उघडावी लागणार नाही.