तुझ्या कॉम्प्युटरचा नवा प्रोसेसर

आई, तुझ्या कॉम्प्युटरला आज मी नवा प्रोसेसर बसवला. प्रोसेसर म्हणजे आतला सगळा हिशेब करणारा भाग, बिस्किटापेक्षाही लहान. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "आन् जुन्याला काय झालतं?" तेच सांगायला बसले आहे.

हा कॉम्प्युटर घरी आला तो दिवस मला अजून दिसतो. हिंजवडीच्या टॉवरमध्ये ज्या इंजिनियर मुलाकडे तू पोळ्या करायचीस, त्याला परदेशात नोकरी लागली होती. जाताना तो सामान वाटून टाकत होता. मावशी, वॉशिंग मशीन नेता की माझा गेम खेळायचा कॉम्प्युटर, असं त्यानं विचारलं आणि तू कॉम्प्युटर म्हणालीस. धुणं तुझ्याच हातचं होतं, तरी. सिक्स सीटर रिक्षात तो मांडीवर घेऊन तू कासारसाईच्या रस्त्यानं आलीस. त्याची एक बाजू काचेची. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, कपाट लई बारकं घेतलंत." तू म्हणालीस, "कपाट न्हाई मुडद्या, कॉम्प्युटर हाय. माझ्या पोरीचा." ही गोष्ट तू पुढं इतक्यांदा सांगितलीस, की आता मला मी त्या गाडीत होते असंच वाटतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनवर तू त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलंस. खाली झालर, मागं वायरींसाठी चीर आणि पुढं, चालू करायच्या बटणापुरतं, नीट टाके घातलेलं काजं. आपल्या घरात मिक्सरला कव्हर होतं, टीव्हीला होतं, रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी होती, मग याला नको? मी आठवीत आहे. कव्हर वर करून काचेतून आतले लाल दिवे बघते आहे आणि तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून येतेस. "झाक ते. आपल्याकडं काय रोज वस्तू येतीया, उघडी टाकायला? धूळ बसली म्हंजी?" मी झाकते. काज्यातून बोट घालून बटण दाबते. पुढं कितीतरी वर्षं मी ते तसंच दाबत आले.

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. घरात दादा आणि मी, बाप-लेक दोघंच उरलो. मग बारावी आणि कॉलेज मी त्याच कॉम्प्युटरवर केलं. आपल्या घरातली पहिली पदवी, तीही कॉम्प्युटर सायन्सची. आता हिंजवडीत एका लहान कंपनीत नोकरी करते आणि रविवारी गावातल्या चार मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या आयाही टॉवरमध्ये कामाला जातात. तिथल्या काचेमागं जे चालतं ते या मुलींनाही करता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. दादा हसतात, म्हणतात, "भाषण नको, च्या ठेव." पण मुली येतात. त्यांनी एक गेमही बनवायला घेतला आहे: एका कोंबडीला कंपनीच्या कॅब चुकवत हिंजवडीचा चौक ओलांडायचा असतो.

गेम मोठा होत गेला आणि तुझा कॉम्प्युटर बंद पडायला लागला. नुसतं लिहिताना काही नाही. कोंबडी पळायला लागली की थोड्या वेळानं स्क्रीन काळा. एक मुलगी तोंड पाडून म्हणाली, "ताई, आपली कोंबडी चौकात पोचतच न्हाई." दादा म्हणाले, "लई चालला तो. आता दे भंगारात." ऑफिसातल्या मैत्रिणीनंही तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच बदल. मी दोघांना हो म्हणाले आणि काहीच केलं नाही. सगळंच बदललं तर तू मांडीवर घेऊन आलेलं त्यात काय उरणार होतं?

शेवटी मैत्रीण वैतागली. "अगं, निदान टेंपरेचर तरी चेक केलंस का?" केलं नव्हतं. घरी येऊन गेम लावला आणि आकडा बघत बसले. तो चढत चढत नव्वदच्या पुढं गेला आणि स्क्रीन काळा झाला. मी उठून डब्यावर हात ठेवला. हाताला साडी लागली. गरम, नुकत्या इस्त्री केलेल्या कापडासारखी. आई, मी कॉम्प्युटर सायन्सची पदवीधर, आणि ज्या जाळीतून त्याला हवा घ्यायची होती तिच्यावर इतकी वर्षं झालरीचं कव्हर घालून मी त्याला चालवत होते! तो मरत नव्हता. गुदमरत होता. मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि दादा दारात येऊन म्हणाले, "काय झालं? बिघडला का पुरता?"

कव्हर धुतलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं. आतून साडीच्या धाग्यांचे आणि धुळीचे पुंजके काढले. बंद पडणं त्या दिवशीच थांबलं. कोंबडी अजून अडखळत होती, कारण प्रोसेसर खरंच जुना होता, पण आता निवड घाबरून करायची नव्हती. सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड तसाच ठेवायचा, एवढं पक्कं झालं. त्यावर चालणारे नवे प्रोसेसर शोधले. सगळ्यांत मोठा आठ कोरचा, म्हणजे एका वेळी आठ कामं उरकणारा, गेम खेळणाऱ्यांचा लाडका. माझा जीव त्याच्यावर जडला. मग मला पौडचं भांड्यांचं दुकान आठवलं. दुकानदार तुला मोठा कुकर दाखवतो आहे आणि तू त्यात वाकून बघते आहेस, "आमी तिघं. ह्याच्यात आमचा भात शोधायला लागंल." आपल्या डब्यातलं चित्र काढणारं कार्डही जुनंच आहे, प्रोसेसर कितीही मोठा आणला तरी त्याला त्या कार्डासाठी थांबावंच लागणार. शिवाय वीज पुरवणारा भागही लहान. सहा कोरचा, मधला, पुरेसा होता. जुना पंखाही त्याला चालणार होता. ठरवल्यावर मला छान झोप लागली.

एकच धोका राहिला होता. नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखता यावा म्हणून आधी बोर्डातला मूळ प्रोग्राम बदलावा लागतो, आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा जातो. गुरुवार सोडला, तो लाईट जायचाच वार. पण घराशेजारी ग्रिलचं वेल्डिंग चालतं; वेल्डिंगवाल्यानं ठिणगी पाडली की आपले दिवे मिचमिचतात, हे तुला माहीत आहे. मी हे दादांना सांगितलं. भंगारात दे म्हणणारे दादा चप्पल घालून निघाले. "मी जाऊन बसतो त्याच्यापाशी. तू हाक मारस्तवर त्याला उठू देत न्हाई." खिडकीतून मला त्यांचा आवाज येत होता. वेल्डिंगवाला म्हणत होता, "आवं, गेट द्यायचंय मला आज." दादा म्हणाले, "बस रे. गेट काय पळून चाललंय व्हय?" स्क्रीनवरची पट्टी सावकाश भरत होती. ती भरली. मी खिडकीतूनच हाक मारली.

मग जुना काढला, नवा बसवला, वर उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट, त्यावर पंखा. बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग स्क्रीन उजळला. मी तिथंच जमिनीवर बसले.

मुली आल्या, गेम लावला, आणि कॅब अशा सुसाट सुटल्या की कोंबडी पहिल्याच पावलाला चिरडली. कॉम्प्युटर जेवढा वेगवान तेवढ्या कॅब पळतात, असा गेम आम्ही लिहिला होता. "ताई, हिंजवडीला येवढा मोकळा रस्ता कदी असतोय?" एक म्हणाली, आणि सगळ्या लोळून हसल्या. मग आम्ही कॅबचा वेग ताळ्यावर आणत बसलो.

हे त्याच कॉम्प्युटरवर लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि कुणाला वाचून दाखवायचंही नाही. दादांनाही नाही, कारण एक गोष्ट त्यांना सांगता येणार नाही. आजवर मी कधीही या कॉम्प्युटरसमोर बसले की आधी तू आठवायचीस, मग काम. आज मुलींबरोबर बसले ती चहाची वेळ होईपर्यंत, आणि तेवढ्या वेळात मला तुझी एकदाही आठवण आली नाही. आणि मला बरं वाटलं, आई.