बिजागरीला थेंबभर तेल

चि. चिमणीस ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा बोलत नाही, नुसता कण्हतो. तुझ्या यजमानांचा खोकला असेलच. (असू दे, घरात कुठे आहेत ते तरी कळतं.)

पत्रास कारण, मी नातीची प्रयोगशाळा पाहिली. तिथे इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण मोठ्या कड्यात गरगर पळवतात आणि वळताना त्यांच्या अंगातून उजेड सांडतो. त्यातला जोरकस उजेड कुणीही मोजेल म्हणे. आमच्या पोरीनं घेतलाय तो अगदी अशक्त, तुझ्या यजमानांसारखा. निघतो ऐटीत, पण वाटेतली हवाच त्याला गिळते. म्हणून तिनं पोलादी डबा केलाय. त्यातली हवा उपसायची आणि आत तिनं घडवलेला डिटेक्टर बसवायचा. डिटेक्टर म्हणजे आमच्या समोरच्या खिडकीतल्या बाई. कोण आलं, किती जोरात आलं, सगळं टिपतो. यंत्र वापरायची तिची वेळ मंगळवारी होती. ती हुकली तर पुढची कधी देव जाणे, म्हणून पोर जेवायचीसुद्धा उभ्यानं.

सोमवारी घरच्यांना आत सोडलं. टोपी, झगा, हातमोजे. मी तर ऑपरेशनला निघालेली डॉक्टरीणच. नात कुणाशी बोलायला वळली आणि डब्याच्या झाकणाची बिजागरी कुरकुरली. आता तू मला ओळखतेस. पर्समध्ये शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असतेच (तुझ्या लग्नात नवऱ्याची खुर्ची कुरकुरली तेव्हा कोण धावलं होतं?). दिला एक थेंब. झाकण लोण्यासारखं फिरायला लागलं. मी कौतुकानं नातीला हाक मारून दाखवलं, तर ती पांढरीफटक. तिच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मटकन खाली बसल्या, खुर्ची नसताना.

तिथे बोटाचा डागही चालत नाही गं. तेलाची वाफ डिटेक्टरवर बसते आणि तो अशक्त उजेड तिथेच अडतो. मंगळवारची वेळ दुसऱ्यांना गेली. डबा धुतात, भट्टीसारखा तापवतात, पुन्हा धुतात. पण ऐक, तपासणीचा दिवा लावला तेव्हा उजेड केसभर कमी आला, तेही पोरीच्या डिटेक्टरनं बरोबर सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "नजर तीक्ष्ण आहे." कुणाची ते बोलल्या नाहीत. मी निम्मी माझी धरली.

ता. क. मोठ्या बाईंनी कुणाकुणाचे पाय धरून पुढच्या महिन्यातली वेळ मिळवली. तोवर तुझ्याकडे येऊन राहावं असं मला फार वाटतंय.

आणखी ता. क. तिकीट नातीनं काढलंय. परतीचं अजून नाही. पोचवायला मोठ्या बाई जातीनं येणार आहेत. (मान आहे माझा.)

शेवटचं. कुपी त्यांनी ठेवून घेतली. तुझ्याकडे मशीनचं तेल आहे ना? मागच्या वेळी तुझं फाटक फार कुरकुरत होतं.