‘शुगर लिहू नका’

समुद्रपूर, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. विमा एजंट प्रमोद घरी आलता. मीच बोलावलं होतं. आपलं मोटार वाइंडिंगचं दुकान, आपणच मालक, आपणच नोकर. उद्या दवाखान्याचं बिल कोण देईन? म्हणून माहा अन् बायको सुनीताचा आरोग्य विमा काढायचा होता.

सुनीतानं त्याले चहा दिला, स्वतः बिनसाखरेचा घेतला. ते पाहून प्रमोद म्हणे, "वहिनीले शुगर आहे का? लिहू नका. हप्ता वाढते, नाईतर अर्जच वापस येते."

"अन् उद्या भरती करायचं काम पडलं, तवा कंपनीनं शुगरचे जुने कागद काढून पैसे नाकारले तं?"

"ते नंतर पाहू न भाऊ. सारे असंच करतेत." वरून चहात आणखी साखर मागितली अन् चमच्यानं ढवळत बसला.

जळालेली मोटार वरून रंग मारून विकणं अन् हे, यात फरक काय? तसली मोटार मी कधी कोणाले देल्ली नाई. मंग माह्या बायकोच्या जिवावर हा मले तेच काऊन शिकवून राह्यला? अन् स्वस्त पडते म्हणून घडीभर मीही विचारात पडलो, त्याचीही किळस.

त्याच्या आईलेही शुगर आहे, हे मले ठाऊक. म्हणून विचारलं, "आईचा विमा काढला, तवा काय लिहिलं?"

चमचा थांबलासुद्धा नाई. ढवळता ढवळताच म्हणे, "आईचं खरंच लिहिलं. घरचं माणूस आहे न, भाऊ."