भागीरथाकाकूचा वाटा

चंद्रपूर

आई,

गोळ्या तुझ्यासाठी बरोबरच होत्या. पाळी गेल्यापासून तुझ्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली होती. डॉक्टरांनी तपासून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. देताना मी फार्मासिस्ट म्हणून विचारलं, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? झालेल्यांना या गोळ्या देत नाहीत. तुला झाली नव्हती. तुझ्याबरोबर तलावात मासोळ्या धरणाऱ्या भागीरथाकाकूला मात्र बाळंतपणात झाली होती.

महिन्याचं पाकीट पंधरा दिवसांत संपलं, तेव्हा दोन-दोन घेतेस म्हणून मी रागावले. तू मान खाली घातलीस. मी आणखी काही न विचारता दुसरं पाकीट दिलं.

काकू गुठळीनंच गेली. तेराव्याला तू सांगितलंस, "तिलेबी वाफा येत होत्या. तलावात दोघी उतरतो, मासोळ्या दोघी वाटून घेतो, मंग गोळी एकटीनं कशी खाऊ?" मग विचारलंस, "तिले काऊन झालं वं असं?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

काल फोनवर म्हणालीस, "आता गोळी घशाखाली जात नाई. तिचा वाटा खाल्ल्यावानी वाटते."

घेत जा, आई. तुला एवढंच सांगेन. बाकीचं या कागदावर माझ्याकडे राहील.

आचल