‘ओके’चे सात अर्थ आणि ठमाबाईची तार

१ जानेवारी १९६२, सोमवार. पोलादपूर.
नवी वही, तीन संकल्प. तपकीर बंद. रोज सकाळी नदीपर्यंत फिरणे. आणि ‘ओके’ या इंग्रजी शब्दाच्या उगमावर प्रबंध. २६ तारखेला महाडच्या वाचनालयात त्यावर माझं व्याख्यान ठरलंय. या भागात इंग्रजी म्हणजे मी, हे महाडकरांना एकदा कळू दे.

३ जानेवारी
संशोधन जोरात. कोणी म्हणतं शब्द अमेरिकेत कुणाच्या चुकीच्या स्पेलिंगातून आला, कोणी म्हणतं तिथल्या आदिवासींचा. मला दोन्ही पटत नाही. पलटणीतून आला असणार, आणि पलटणीत माणसं आपलीच! नात्याच्या हैबती हवालदारांना पत्र टाकलं. तपकीर एकदाच ओढली, विचारापुरती.

५ जानेवारी
अर्थ गोळा करतोय. कशेडीच्या घाटात ट्रकवाला ओके म्हणाला की समजायचं ब्रेक लागतात. कचेरीतला कारकून म्हणाला की समजायचं उद्या या. मुंबईचा मेहुणा म्हणतो तेव्हा त्यानं काहीच ऐकलेलं नसतं. एकूण सात झाले. फिरणं राहिलं. थंडी फार.

८ जानेवारी
हैबतींचं उत्तर आलं. पलटणीत तेवीस वर्षं काढली, असला शब्द कानी आला नाही, गुडघेदुखीवर औषध असल्यास कळवणे. म्हातारपण, दुसरं काय! साक्षीदार बाद. सिद्धांत कायम.

११ जानेवारी, दुपार
वरच्या वाडीची ठमाबाई तार घेऊन आली, मागे निम्मी वाडी. तिचा मुलगा चांगू मुंबईला इस्पितळात आहे, पोटाचं ऑपरेशन. वाडीत तार येते ती मयताचीच, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी चष्मा लावून वाचली. ‘चांगू ऑपरेशन ओके.’ काय योगायोग!
ठमाबाईनं विचारलं, मास्तर, माजा चांगू कसा हाय? आता अशा शब्दाचा अर्थ एका दमात सांगणं म्हणजे विद्येशी बेइमानी. म्हटलं, ठमाबाई, ऑपरेशन झालंय. पुढचा शब्द मात्र कठीण आहे. तू आधी बस, घोटभर पाणी पी. मग अगदी उगमापासून सुरुवात केली. तिसऱ्या अर्थाला तिनं हंबरडा फोडला. बाकीच्या बायकाही रडायला लागल्या. तिचा दीर गोमाजी डोळे पुसत म्हणाला, समजला मास्तर, आता काय बोलू नका.
इतका हळवा श्रोतृवर्ग महाडला मिळेल का, शंकाच आहे.

१२ जानेवारी
वर्ग अर्धा रिकामा. आमची ही, राहीबाई, म्हणते, वरच्या वाडीनं काल नदीवर आंघोळी केल्या, सुतक धरलंय. कोण गेलं कोण जाणे. या लोकांची रीतच तशी. मेल्याची बातमी कुणी तोंडावर सांगत नाही, आधी बसवतात, पाणी देतात, इकडचं तिकडचं बोलतात. मग आम्हाला कळणार कसं? गोमाजी म्हणे रातोरात मुंबईला गेला. मसुदा बत्तीस पानांवर गेलाय. तपकीर चालू, पण कमी.

१५ जानेवारी, सोमवार
गोमाजी सकाळच्या गाडीनं परतला. चांगू खाटेवर बसून पेज पितोय. वाडीला खरं वाटेना.
दुपारी ठमाबाई दारात आली. शिव्या देईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, मास्तर, तुमाला येत नव्हता तर येत नाय म्हणायचा. मी माज्या हातानं सुनेच्या बांगड्या फोडल्या.
आणि गेली.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहीबाईनं विचारलं, तुम्हाला खरंच येत नव्हतं? मी मान हलवली, येत नव्हतं म्हणून.
इथे खोटं कशाला लिहू! येत होतं. ‘बरा आहे’, एवढंच. पण एवढंसंच सांगायचं, तर मग मास्तर कशाला हवा, असं वाटलं.